पुरणाचं पाणी

उन्हाळा लागला की शहराच्या कडेच्या सातारा परिसरातल्या एका कॉलनीत लोक टँकरची वाट बघत फाटकाशी उभे राहायचे, आणि नानासाहेबांच्या बोअरला तेव्हाही पाणी असायचं. याचा नानासाहेबांना भारी अभिमान होता. करमाडची जमीन कारखान्यांसाठी गेली तेव्हा त्यांनी शहरात प्लॉट घेतला, आणि घराचा पाया खणायच्या आधी बोअर घेतला. बोअरला लागूनच पाणी मुरवायला शोषखड्डा केला. गच्चीवरून येणारं पावसाचं पाणी, टाकी भरून वाहिलेलं पाणी, अंगण धुतलेलं पाणी, सगळं त्या खड्ड्यात जायचं. पाण्याला गटारीची वाट दाखवायची नाही, हा त्यांच्या घरचा कायदा होता, आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती.

पण पाणी असणं वेगळं आणि ते कामी येणं वेगळं. ते पाणी जड होतं. नळांच्या तोंडांवर पांढरे थर चढायचे, साबणाला फेस म्हणून यायचा नाही, आणि सून रोज सकाळी कंगव्यातले केस काढून सगळ्यांना दिसतील असे टेबलावर ठेवायची. मनकर्णाबाईंनी हे सारं निभावून नेलं असतं. केसांचं त्यांना फारसं सोयरसुतक नव्हतं. त्यांचं दुखणं एकच होतं, आणि ते चुलीवरचं होतं: त्या पाण्यात डाळ शिजायची नाही. तुरीची तरी कुकरमध्ये शिट्ट्यांवर शिट्ट्या काढून नमायची, पण हरभऱ्याची डाळ काही केल्या दाताखाली कचकच करायचीच.

एरवी तेही चाललं असतं. पण आता घरात महालक्ष्म्या होत्या.

या महालक्ष्म्या, म्हणजे भादव्यातल्या गौरी, पिढ्यान् पिढ्या करमाडला, थोरल्या घरात बसत. नानासाहेबांचे थोरले भाऊ तात्यासाहेब होते तोवर त्यांच्या पत्नी चतुराबाई त्या बसवत, आणि चतुराबाईंच्या पुरणाचं नाव पंचक्रोशीत होतं. तात्यासाहेब गेले. थोरल्या घरात सवाष्ण उरली नाही, म्हणून भावकीनं मुखवटे धाकट्या घरी, म्हणजे शहरात, मनकर्णाबाईंच्या हवाली केले. मनकर्णाबाईंना त्या दिवशी आपण या घरात खऱ्या अर्थानं राहायला आलो असं वाटलं. शहरात येऊन इतकी वर्षं झाली होती, पण शेजारी म्हणजे फाटकापुरते, आणि नातेवाईक म्हणजे फोनपुरते. महालक्ष्म्या आल्या आणि वर्षातून एकदा का होईना सगळी भावकी त्यांच्या पंगतीला येऊन बसू लागली. हा मान त्यांना जिवापाड प्यारा होता. तो गेला असता तर ते घर म्हणजे नुसता मुक्काम झाला असता.

आणि गेल्या वर्षी पुरण बिघडलं. डाळ सकाळपासून उकळत होती, पण कण काही मोडेना. पुरणयंत्राचा दांडा फिरवून फिरवून सुनेचे हात भरून आले. शेवटी ते रवाळ पुरण तसंच भरलं आणि तव्यावर पोळी टाकली की फाटायची. देवीपुढं फाटक्या पोळ्यांचं ताट गेलं. भावकीतले जेवले, ढेकर दिले, पण कुणी 'अजून एक' म्हणालं नाही, आणि आपल्याकडं त्याहून मोठा बोल लावता येत नाही. चतुराबाई तेवढ्या बोलल्या. त्यांच्या मुलाचं, पुंजारामचं, नुकतंच लग्न झालं होतं, थोरल्या घरात पुन्हा सवाष्ण आली होती. देवीला इथलं पाणी मानवत नाही, त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, आता तिचं तिला घरी येऊ द्या. भावकीनं मान डोलावली, पण एक वर्ष सवड दिली. पुढच्या साली पुरण साधलं तर ठीक, नाहीतर मुखवटे करमाडला.

मुखवटे कापडात गुंडाळून कपाटात ठेवताना मनकर्णाबाईंनी मनाशी गाठ मारली की हे कपाट रिकामं होऊ द्यायचं नाही.

त्यांनी एकेक वाट चाचपून पाहिली. चिमूटभर सोडा टाकला तर डाळ मऊ होते, पण सोड्याचं पुरण चिकट होतं, वास मारतं, आणि नैवेद्याला सोडा म्हणजे देवीच्या डोळ्यांत धूळ. जारचं पाणी प्यायला ठीक, पण नैवेद्याचं पाणी घरच्या विहिरीचं नाहीतर बोअरचं, घरच्या माणसानं भरलेलं लागतं. ते कुणाच्या कोणत्या जारमधलं चालत नाही. मुलानं ते पाणी शुद्ध करायचं यंत्र सुचवलं. नानासाहेबांनी चौकशी केली, आणि ते यंत्र देतं त्याहून जास्त पाणी फेकून देतं हे ऐकून ते नाव घरात पुन्हा घ्यायचं नाही असं जाहीर केलं. मग सुनेच्या माहेरी, जालन्याला, जड पाणी हलकं करणारा सॉफ्टनर बसवल्याचं कळलं. मनकर्णाबाई स्वतः बसमध्ये बसून जालन्याला गेल्या, विहीणबाईंच्या स्वयंपाकघरात हरभऱ्याची डाळ शिजायला टाकली आणि ती बोटांत चेपून पाहिल्यावरच चहा घेतला.

संक्रांत झाल्यावर सॉफ्टनर बसला. मागच्या दारी, टाकीकडं जाणाऱ्या पाइपावर एक उंच निळं नळकांडं आणि त्याच्या शेजारी झाकणाचं पिंप. फिटरनं समजावून सांगितलं, नळकांड्यात बारीक मणी आहेत, ते पाण्यातला चुना धरून ठेवतात. मणी भरले की पिंपातलं मिठाचं पाणी त्यांच्यातून आपोआप फिरतं, चुना सुटतो आणि धुवण या बारक्या नळीतून बाहेर पडतं. पिंपात मीठ तेवढं घालत राहायचं. आणि ही नळी, तो म्हणाला, गटारीत सोडा.

गटारीत? सगळं घर त्याच्याकडं बघत राहिलं. जिथं लोक भांडी विसळलेलं पाणी झाडाला घालतात तिथं हा माणूस बादल्याच्या बादल्या गटारीत सोडायला सांगत होता. फिटरनं एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. नानासाहेब हसले आणि म्हणाले, तू शहरातला दिसतोस. तो गेल्यावर त्यांनी स्वतः नळी वळवून शोषखड्ड्यात सोडली. मनकर्णाबाईंनी तिला जोडतुकडा लावायला हात दिला. झाडांना मीठ बाधेल एवढं त्यांना कळत होतं, म्हणून झाडांकडं नेली नाही, एवढ्यावरच दोघांना आपण फार शहाणे वाटलो.

पाणी मात्र खरंच बदललं. साबणाला फेस आला, सुनेचा कंगवा टेबलावरून हलला आणि हरभऱ्याची डाळ अशी शिजली की मनकर्णाबाईंनी एक दाणा चेपला आणि त्यांना भरूनच आलं. पाडव्याला त्यांनी शेजारच्या आशाबाईंना पुरणपोळी पाठवली. आशाबाईंनी ताट रिकामं न पाठवता त्यात कैऱ्या घालून पाठवल्या, आणि मनकर्णाबाईंचा महिनाभर पाय जमिनीवर नव्हता.

उन्हाळ्यात बोअरचं पाणी खाली गेलं आणि आखाडात घोटाळा उघडा पडला. चतुराबाई डोळे दाखवायला शहरात आल्या होत्या, त्या घरी टेकल्या. मनकर्णाबाईंनी कौतुकानं या पाण्याचा चहा दिला. चतुराबाईंनी एक घोट घेतला, कपाकडं पाहिलं आणि कप खाली ठेवला.

"मनकर्णे, शहरात चहात मीठ घालत्यात व्हय?"

मनकर्णाबाईंनी आपल्या कपातला घोट घेतला. चहा मचूळ होता. काही दिवसांपासून जिभेला काहीतरी लागत होतं, पण रोज तेच पिणाऱ्याला कळत नाही, परक्याच्या जिभेला कळतं. चतुराबाई जाताना एवढंच म्हणाल्या की पुंजारामला गाडी सांगून ठेवते, मुखवटे न्यायला.

मग घरात जो तो यंत्रावर घसरला. मुलगा म्हणाला, काढून टाकू. नानासाहेब म्हणाले, मिठाचं यंत्र ते, मीठच देणार, मी आधीच म्हणत होतो. ते आधी काहीच म्हणत नव्हते, पण ही वेळ ते काढायची नव्हती. मनकर्णाबाई कुणाशी न बोलता मागच्या दारी गेल्या. बोअरच्या तोंडाशी एक जुना नळ होता, यंत्राच्या अलीकडचा. त्यांनी तो सोडला, ओंजळ भरली आणि पाणी चाखलं. तेही खारट होतं. जे पाणी अजून यंत्राच्या दारात गेलंच नाही ते यंत्रानं कसं खारवलं?

त्या तिथंच पायरीवर बसल्या. समोर मिठाच्या रिकाम्या गोण्या घडी करून ठेवल्या होत्या, त्यांनीच आपल्या हातांनी फोडलेल्या, धान्य भरायला होतील म्हणून जपलेल्या. एवढं मीठ गेलं कुठं? तेवढ्यात यंत्रानं आपलं धुणं काढलं. बारक्या नळीतून खळखळ आली आणि पाणी शोषखड्ड्यात उतरू लागलं. खड्डा बोअरपासून दोन हातांवर. संक्रांतीपासून आपण आपल्याच जमिनीला मीठ भरवत होतो, आणि ती बिचारी तेच परत वाढत होती.

नानासाहेबांना त्यांनी हात धरून तिथं आणलं आणि सांगितलं. नानासाहेब खड्ड्याकडं बघत उभे राहिले. जन्मभर ज्या माणसानं थेंब वाचवला त्यानं वाचवूनच पाणी नासवलं होतं, आणि हे त्यांच्या गळी उतरेना. ते म्हणाले, आता गप बसू, पाऊस आहे, आपोआप धुऊन जाईल. भादव्यापर्यंत धुऊन गेलं नाही तर, मनकर्णाबाईंनी विचारलं.

"मोटार लावायची," मनकर्णाबाई म्हणाल्या, "आन् खारं पाणी उपसून गटारीत सोडायचं. गोडं येईस्तोवर."

"माझ्या डोळ्यांदेखत नाय."

"मंग डोळे मिटा."

त्यांनी आधी बारकी नळी खड्ड्यातून उपटून गटारीकडं लावली. मग मोटार सुरू केली आणि बोअरचा पाइप फाटकाबाहेर सोडला. पाणी रस्त्याच्या कडेनं वाहायला लागलं. अर्ध्या घटकेत कॉलनी जमली. ज्या गल्लीत टँकरच्या पाइपावरून भांडणं होतात तिथं एक बाई दिवसाढवळ्या पाणी सोडून पायरीवर बसलीय, हे बघून लोकांच्या डोक्यात सणक गेली. आशाबाई तर फाटकात येऊन तावातावानं बोलायला लागल्या. मनकर्णाबाईंनी तांब्या भरला आणि त्यांच्या हातात दिला. आशाबाईंनी घोट घेतला, थुंकला आणि हळू आवाजात म्हणाल्या की त्यांच्याही बोअरचं पाणी असंच लागायला लागलंय, त्यांना वाटलं आपल्या तोंडाची चव गेली.

खरं सांगायचं तर इथं खोटं बोलता आलं असतं. उन्हाळ्यावर ढकलता आलं असतं, ऊन काही साक्ष द्यायला येत नाही. पण मनकर्णाबाईंनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की हे मीठ आमच्या खड्ड्यातलं आहे, चूक आमची आहे, आणि तुमचंही पाणी गोडं होईपर्यंत ही मोटार थांबणार नाही. आशाबाई त्यानंतर बरेच दिवस बोलल्या नाहीत. ते सोसायलाच हवं होतं.

वीज असेल तोवर मोटार चालायची. जाणारे-येणारे थांबून बोलायचे, कुणी नाव घेऊन बोलायचं, कुणी न घेता. मनकर्णाबाई पायरीवर बसून डाळ निवडायच्या, मेथी निवडायच्या, पण उठायच्या नाहीत. नानासाहेब पहिले काही दिवस घरात पाठ करून बसले. मग एका सकाळी त्यांनी धोतर खोचलं, खोरं घेतलं आणि शोषखड्ड्यात उतरले. खालची वाळू, विटांचे तुकडे, पांढरट झालेला गाळ त्यांनी पाटीपाटीनं बाहेर काढला आणि नवी वाळू भरली. वर येताना त्यांनी हात पुढं केला आणि मनकर्णाबाईंनी तो धरून त्यांना ओढून घेतलं.

श्रावणात सरी चांगल्या झाल्या. गच्चीचं पाणी नव्या वाळूतून खाली मुरत राहिलं, वरून मोटार उपसत राहिली. मनकर्णाबाई रोज जुन्या नळाचं पाणी चाखायच्या. खारटाचं मचूळ झालं, मचूळाचं बेचव झालं, आणि पोळ्याच्या सुमारास एकदा त्या ओंजळ पिऊन उभ्या राहिल्या आणि मग दुसरी ओंजळ प्याल्या. आशाबाईंना हाक मारून त्यांचंही पाणी चाखायला लावलं. आशाबाई म्हणाल्या, बरंय आता. त्या दोन शब्दांसाठी मनकर्णाबाईंनी आखाडापासूनचे दिवस काढले होते.

भादव्यात महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या, ज्येष्ठेच्या दिवशी सकाळीच मनकर्णाबाईंनी न्हाऊन स्वतः पाणी भरलं आणि डाळ चढवली. भावकी येऊ लागली. करमाडहून चतुराबाई आल्या, पुंजाराम गाडी फाटकाशी लावून बसला. चतुराबाईंना बैठकीत खुर्ची दिली, पंखा लावला, पाणी दिलं. स्वयंपाकघरात नणंद सरूबाई आणि इतर सवाष्णींची लगबग चालली होती. पण सगळ्यांचे कान पातेल्याकडं होते.

मनकर्णाबाईंनी पळीवर डाळ घेतली आणि दोन बोटांत धरली. बोटं मिटली तशी डाळ लोण्यासारखी पसरली. येळवणी, म्हणजे डाळीचं पाणी, निथळली, गूळ घातला, पुरण आटलं, पळी उभी राहिली. पुरणयंत्रातून ते मऊसूत उतरलं. पहिली पोळी तव्यावर टाकली, ती टम्म फुगली आणि कुठं तिला चीर गेली नाही. सरूबाईंनी देवीकडं तोंड करून हात जोडले. मनकर्णाबाईंना मात्र देवीच्या आधी दुसऱ्याच कुणाला तरी ते पुरण दाखवायचं होतं. जिंकलेल्या माणसाला तेवढी हाव असतेच. नैवेद्याचं बाजूला काढून ठेवलं, उरलेल्यातला एक गोळा वाटीत घेतला आणि त्या बैठकीत गेल्या.

चतुराबाईंनी वाटी घेतली. गोळा खाल्ला नाही. अंगठ्यानं आणि बोटानं चोळून पाहिला, जसा त्या करमाडला डोळे मिटून पाहायच्या. एक कण लागला नाही.

"साधलं तुला," त्या म्हणाल्या. "पुंजारामला सांगते, गाडी रिकामीच न्यायची."

यावर मनकर्णाबाईंनी सुटकेचा श्वास सोडायला हवा होता. पण चतुराबाई वाटी परत देईनात. त्या बोटांना लागलेलं पुरण बघत होत्या.

"अक्का, काय झालं?"

"काय नाय. पाणी वंगाळ म्हणून बोलले ते लागलं असंल तुला. मला पाण्याचं काय करायचंय गं. थोरले होते तवर हे पुरण मपल्या हातचं व्हतं. आता इथं आले की तुम्ही मला खुर्ची देता, पंखा लावता. महालक्ष्म्या करमाडला नेल्या असत्या तर सून नवी हाय, तिला काय येत नाय. चुलीपाशी मला बसू दिलं असतं तिनं. एवढंच."

मनकर्णाबाई उभ्याच राहिल्या. गेलं वर्षभर त्यांनी पाण्याचा पिच्छा पुरवला होता. जमिनीच्या पोटातलं मीठ त्यांना सापडलं होतं. आणि दरवर्षी या खुर्चीत बसवून ठेवलेली बाई त्यांना दिसली नव्हती. मान दिला असं समजून त्यांनीच तिला उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की मनकर्णाबाई रडत बसत नसत, कामाला लागत.

त्या आत गेल्या आणि आरतीच्या दिव्यांसाठी ठेवलेल्या पुरणाची परात उचलून बाहेर आणली. चतुराबाईंच्या पुढं पाट मांडला, परात ठेवली, तुपाची वाटी ठेवली.

"दिवे तुम्ही करा."

सरूबाई दारात आल्या. देवीचे दिवे, वहिनी, त्या चाचरत म्हणाल्या, त्यांच्या हातचे कसे चालतील, लोक काय म्हणतील. बाकीच्या बायकाही दारात गोळा झाल्या. चतुराबाईंनी हात पदराखाली ओढून घेतले आणि म्हणाल्या, राहू दे मनकर्णे, उगी तुझ्या घराला बोल नको.

"आखाडापासून लोक माझ्या फाटकात उभं राहून बोल लावत व्हते," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मी उठले नाय. आताबी उठायची नाय. दिवे अक्का करतील, नायतर या घरात आरती व्हायची नाय."

आणि त्या खरोखरच चतुराबाईंच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसल्या. सुनेनं मधून वाट काढली, चतुराबाईंच्या हातांवर पाणी घातलं आणि फडकं दिलं. नानासाहेब बाहेरून हे बघत होते. ते आत आले, दारातल्या बायकांना म्हणाले की वाती कुणीतरी वळा, उशीर होतोय. सरूबाई क्षणभर थांबल्या, मग कापूस आणायला गेल्या.

चतुराबाई खुर्चीवरून पाटावर उतरल्या आणि त्यांनी परातीत हात घातला. पहिला गोळा वाकडा झाला, तो त्यांनी मोडला. मग हातांना सवय आठवली. गोळा फिरला, अंगठा मध्ये दबला, कडा सारख्या उभ्या राहिल्या, आणि एकामागून एक दिवे ताटात येऊन बसले. मनकर्णाबाई त्यांना तूप देत होत्या.

शेवटचा दिवा ताटात ठेवून चतुराबाईंनी परातीची कड पुसली, एक बोट चाटलं आणि जरा विचार केला.

"गूळ अर्धी मूठ कमी पडलाय," त्या म्हणाल्या. "पुढल्या साली मी दोन दिस आधी येते. तू नुसतं पाणी भर."